जुनं ते सोनं, पण प्लास्टिक नव्हे



‘बाइंडिंग’ म्हटलं की आपल्या पिढीला जून महिना आठवतो. नव्या पुस्तकांचा वास, खाकी कव्हरं, आणि ‘उद्या या’ म्हणत आठवडा काढणारा कोपऱ्यावरचा बाइंडिंगवाला. या लेखातलं बाइंडिंग ते नव्हे. हे स्नोबोर्डचं, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीला पाय बांधून ठेवणारं. सोहारला राहून बर्फाच्या फळीवर लिहायचं म्हणजे कोकणात बसून उंटाच्या खोगिरावर लिहिण्यासारखं आहे, हे मला कळतं. संपादकांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. लेख फार लांबवायचा नाही आणि केमिस्ट्री कमी. पहिली अट पाळायचा प्रयत्न करते.

विषय खरं म्हणजे आपल्या कपाटाचा आहे. मंडळाचं देवघेवीचं कपाट दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. आपण इथे येतो दोन बॅगा घेऊन आणि परत निघतो तेव्हा घरात ट्रकभर सामान असतं. मग जाणारं कुटुंब येणाऱ्याला देतं. पाळणा, सायकल, मिक्सर, दहावीची पुस्तकं, एकदा तर चांगली सुरातली हार्मोनियम आली होती. हिशेब नाही, पावती नाही. एका घरातला पाळणा आतापर्यंत चार बाळांनी वापरला आहे आणि त्यातलं पहिलं बाळ आता कॉलेजात आहे. मला या कपाटाचा मनापासून अभिमान आहे. म्हणूनच पुढचं सगळं लिहिते आहे.

असाच एक स्नोबोर्ड आमच्याकडे आला. वीस-बावीस वर्षं सोहारला काढलेले एक काका-काकू नाशिकला कायमचे परतले. त्यांच्या मुलाचा तो लहानपणचा बोर्ड. मुलगा वाढला, बोर्ड आखूड पडला आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसला. निघताना काकांनी तो माझ्या अकरा वर्षांच्या लेकीच्या हातात दिला. ‘दादाचा आहे, आता तुझा,’ म्हणाले. तिच्या दृष्टीने हा दादा म्हणजे गणपतीत ढोल वाजवणारा आणि हिला खांद्यावर बसवून फटाके दाखवणारा मोठा माणूस. बोर्ड तिने त्या रात्री पलंगाशेजारी ठेवून झोप काढली.

आता कुणी विचारेल, वापरणार कुठे? जबल शम्सवर एखाद्या हिवाळ्यात पांढरा थर दिसतो आणि सगळे फोटो काढायला धावतात, पण तो बोर्डाला पुरत नाही. आपल्याला जवळचा बर्फ म्हणजे दुबईचा. ‘मॉल ऑफ द एमिरेट्स’मध्ये २००५ साली ‘स्की दुबई’ सुरू झालं. उतार ८५ मीटर उंचीचा, त्यातली सर्वांत लांब वाट ४०० मीटरची, आणि आत तापमान शून्याच्या खाली एक-दोन अंश. सरहद्दीवर रांग नसेल तर सोहारहून हत्त्यामार्गे अडीच-तीन तासांत आपण तिथे असतो. (गाडीच्या विम्याचं ऑरेंज कार्ड घ्यायला विसरू नका. हा सल्ला फुकट.) बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत लोकरीची टोपी, ही चैन आहे हे मान्य. पण वर्षातून तीन-चार वेळा जाणारी बरीच घरं आपल्यात आहेत, आणि मुलं शिकतात भराभर.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. झेरॉक्समध्ये फोटो काळा ठिक्कर येतो, म्हणून शब्दांतच. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही टोकं वर वळलेला लांबट पाट. त्यावर आडवं उभं राहायचं, क्रिकेटमध्ये बॅट्समन उभा राहतो तसं. पाट पायाला धरून ठेवायला काहीतरी हवं. आपल्या खडावेला जशी अंगठ्यात धरायची खुंटी असते, तसं स्नोबोर्डला बाइंडिंग. मात्र हे खुंटीपेक्षा बरंच दणकट असतं. खाली बैठक, मागे पोटरीला टेकणारी पाठ, पुढे दोन पट्टे. एक पट्टा घोट्यावरून, एक बोटांवरून. पट्ट्यांना दाते असतात आणि खटके मारत ते घट्ट करायचे. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून पहिली फळी केली तेव्हा बाइंडिंग नव्हतंच, नुसती पुढे धरायला दोरी. पाय बांधायची कल्पना नंतर रुळली. जेक बर्टनने १९७७ मध्ये व्हरमाँटला कंपनी काढली आणि १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये खेळ पोहोचला. असो.

यातली एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. स्कीचं बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटतं. त्याची तशी रचनाच असते, वजन आणि अनुभव पाहून ते सेट करतात. स्नोबोर्डचं बाइंडिंग सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले राहतात, आणि ते तसंच अपेक्षित आहे. त्यामुळे ‘पट्टा तुटला तर बरंच, पाय मोकळा होईल’ असं कुणी म्हणालं (आमच्या घरात म्हणालं गेलं) तर ते चूक. तुटला तर एकच तुटतो. एक पाय मोकळा आणि दुसरा जड फळीला बांधलेला, अशा अवस्थेत वेगात पीळ बसतो तो गुडघ्याला नाहीतर घोट्याला.

काकांच्या बोर्डाची बाइंडिंग दिसायला छान होती. काळी, चकचकीत, एक ओरखडा नाही. ‘फारशी वापरलीच नाहीत, अगदी नवीच आहेत,’ असं काकू म्हणाल्या होत्या आणि ते शब्दशः खरं होतं. घोळ सगळा त्या ‘नवीच’ या शब्दात आहे.

इथे संपादकांची दुसरी अट मोडते. माझी पीएच.डी. पॉलिमरमधली, पुण्याची, आणि नोकरी इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत. दिवसभर प्लास्टिकच्या तक्रारी ऐकणं हेच माझं काम. लोखंड वापरल्याने झिजतं, कापड वापरल्याने विरतं, त्यामुळे न वापरलेली वस्तू नवी राहते असं आपण धरून चालतो. प्लास्टिकचं तसं नाही. ते नुसतं पडून राहिलं तरी वय वाढतं.

बाइंडिंगचे दातेरी पट्टे बहुधा पॉलियुरेथेनच्या जातीचे असतात. त्यातले काही प्रकार एस्टर नावाच्या कड्यांनी जोडलेले असतात. हवेतला ओलावा हळूहळू आत शिरतो आणि पाण्याचे रेणू त्या कड्या एकेक करून तोडतात. शाळेच्या पुस्तकात याला जलअपघटन म्हणत. तुटलेल्या प्रत्येक कडीतून थोडं आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढच्या कड्या तोडायला मदत करतं. पहिला चोर भिंतीवरून येतो आणि आतून कडी काढून बाकीच्यांना दारातून घेतो, तसं. त्यामुळे बरीच वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका मोसमात सगळं जातं. तुमच्यापैकी कुणी कपाटात जपून ठेवलेले चांगले ट्रेकिंगचे बूट चार-पाच वर्षांनी काढले असतील, तर दहाव्या पावलावर तळवा पावासारखा चुरला असेल. दोष दुकानदाराचा नव्हे. तेच हे.

याला उष्णतेची जोड. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. ठोकताळाच आहे, कायदा नव्हे. तरी त्या हिशेबाने पंचवीस अंशांच्या खोलीत चार वर्षांत जे होईल ते पंचेचाळीस अंशांत एका वर्षात होतं. आता सोहारचा जुलै आठवा. समुद्राकडून येणारी दमट हवा, चष्मा पुसून पुसून कंटाळा, आणि वर गच्चीवर पत्र्याची खोली. प्रयोगशाळेत आम्ही प्लास्टिक लवकर म्हातारं करायला उष्ण आणि दमट पेटी वापरतो, तिला हजारो रियाल पडतात. बाटिना किनाऱ्यावर ती प्रत्येकाच्या गच्चीवर फुकट आहे.

म्हणून बाइंडिंग टेबलावर घेऊन बसले. बोटांच्या पट्ट्याची रबरी बाजू चिकट लागली. घोट्याच्या पट्ट्याला वाकवलं की वळणावर पांढुरकी रेघ उमटे आणि सोडल्यावर जात नसे. पाठीमागच्या फोमचे कण बोटाला लागले. बैठक नायलॉनची होती, आत काचेचे तंतू घातलेली, आणि मधल्या गोल चकतीभोवती केसासारख्या भेगा होत्या. बॅटरीचा उजेड तिरका टाकला तरच दिसत होत्या. खटक्याचा एक स्क्रू गंजून त्याभोवती पांढरी भुकटी जमली होती. खारी हवा, शेजारी अॅल्युमिनियम आणि स्टील, म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि त्यात झीज होते ती अॅल्युमिनियमची.

मग बाइंडिंग उलटं करून वय शोधलं. ही युक्ती मात्र सर्वांनी शिकून ठेवावी. साच्यातून काढलेल्या पुष्कळ प्लास्टिकच्या वस्तूंवर, खालच्या किंवा आतल्या बाजूला, नाण्याएवढं किंवा त्याहून लहान घड्याळ उमटलेलं असतं. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण, आणि बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे आकडे. बाण ज्या आकड्याकडे तो महिना. आमच्या बैठकीवर ०९ होतं. म्हणजे माझ्या लेकीपेक्षा बाइंडिंग वयाने मोठं.

लेकीला हे पटेना. ‘आई, तुला सगळ्यात भेगाच दिसतात. दादाने इतकी वर्षं वापरली, त्याला कुठे काय झालं?’ आणि आमच्या ह्यांचं वेगळंच. फलज अल कबाईलच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याची पट्टी मारून घेऊ, वरून गाडीच्या सामानाचा पट्टा लावू, दोन रियालमध्ये काम. आपल्या माणसांचं जुगाडावर फार प्रेम. मी वाद घातला नाही. जुन्याचा एक पट्टा स्क्रू काढून वेगळा केला आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, मटार आणि खवलेला नारळ यांच्यामध्ये. सकाळी लेकीच्या हातात दिला आणि म्हटलं, वाकव. तिसऱ्या दात्यापाशी कट्कन मोडला. ती काही बोलली नाही. दोन तुकडे घेऊन खोलीत गेली आणि ते अजून तिच्या टेबलाच्या खणात आहेत.

शास्त्र म्हणून सांगायचं तर घरचा फ्रीझर उणे अठरा असतो आणि स्की दुबई उणे एक-दोन. परीक्षा कडक होती. थंडीत कुठलंही प्लास्टिक थोडं ताठरतंच. पण नंतर नवा पट्टा आला तेव्हा तोही त्याच फ्रीझरमध्ये त्याच जागी ठेवला आणि तो मुकाट्याने वाकला. तुलनेला दुसरा नमुना हवाच, नाहीतर त्याला प्रयोग म्हणू नये.

अवघड गोष्ट निराळीच होती. काकांचा दर रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न, ‘काय, घसरली का नाही आमची नात?’ दोन रविवार मी इकडचं तिकडचं बोलून वेळ काढला. दिलेल्या वस्तूत खोट काढायची आपल्याकडे पद्धत नाही, त्यातून इतक्या मायेने दिलेली. पण उद्या हेच बाइंडिंग कपाटातून दुसऱ्या कुणाच्या पोराकडे गेलं असतं तर? तिसऱ्या रविवारी सगळं सांगितलं, भेगांसकट. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अगं, मी ती दुबईतल्या एका माणसाकडून जुनीच घेतली होती. पोराला नवी म्हणून सांगितलं होतं.’ आणि खो खो हसले. वर, ‘त्याला सांगू नकोस हं.’ मुलगा जर्मनीत आहे, हे वार्तापत्र त्याच्यापर्यंत जात नसावं अशी आशा आहे.

बोर्ड मात्र ठेवला. आत लाकूड, कडेला स्टील, तळ पॉलिथिलीनचा. पॉलिथिलीनमध्ये पाण्याने तोडावी अशी कडीच नाही, त्यामुळे ओलाव्याला ते दाद देत नाही. आपल्या बंदराशेजारी तयार होणारं पॉलिप्रॉपिलीन त्याचंच भावंड. (त्याचं वैर ओलाव्याशी नाही, उन्हाशी. कपडे वाळत घालायच्या प्लास्टिकच्या चिमट्यांचं गच्चीवर काय होतं ते पाहा.) कडेचा गंज घासून काढला, थर कुठे सुटलेत का ते ठोकून पाहिलं, मेण लावलं. तेव्हा ‘प्लास्टिक जुनं म्हणजे फेका’ असा याचा अर्थ कुणी काढू नये. कुठलं प्लास्टिक आणि कुठे ठेवलेलं, हे पाहायचं.

आता नवं बाइंडिंग कसं निवडलं ते. कुणाला उपयोग होईल म्हणून तपशील देते.

आधी बोर्डावरची भोकं मोजली, शाळेच्या पट्टीने. आडव्या ओळींत ४ सेंटिमीटर अंतर आणि लांबीच्या दिशेने भोकं २ सेंटिमीटरवर. याला दोन-बाय-चार म्हणतात. दोन्हीकडे ४ सेंटिमीटर असेल तर चार-बाय-चार. बर्टनच्या जुन्या बोर्डांवर तीन भोकांचा त्रिकोण असतो आणि त्यांच्याच नव्या बोर्डांवर भोकं नाहीत, लांब खाच असते. बाइंडिंगच्या मधोमध बसणारी चकती आपल्या भोकांना जुळली पाहिजे. न जुळणारं बाइंडिंग फुकट मिळालं तरी त्याचा उपयोग शून्य. पुष्कळ बाइंडिंगबरोबर एकापेक्षा जास्त नमुन्यांना चालणारी चकती येते, पण विचारून घ्यावं.

मग माप. आणि इथे आपला स्वभाव आड येतो. युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, चप्पल एक नंबर मोठी, सायकलही ‘दोन वर्षांनी बरोबर होईल’ अशी. आपण सगळे याच शिस्तीत वाढलो आणि त्यात वाईट काही नाही, पँटची दुमड उसवता येते. बाइंडिंगमध्ये ते चालत नाही. बूट आत सैल हलला की पायाने दिलेला इशारा बोर्डाला उशिरा पोहोचतो, आणि मूल पट्टे आवळत बसतं, पाय बधिर होईपर्यंत. त्यातून माप पायाचं नव्हे, बुटाचं बघायचं. लेकीच्या बुटावर २३.५ आकडा आहे, तो सेंटिमीटरचा. कंपनीच्या तक्त्यात एका आकाराचं बाइंडिंग साधारण तीन-चार सेंटिमीटरच्या पट्ट्यात चालतं. आमचं २१ ते २५. म्हणजे वाढत्या अंगाला मोकळीक आहे, फक्त ती तक्त्याच्या आतली.

तिसरी गोष्ट कडकपणा. दुकानदार कडक, महागाचं दाखवतात. ते वेगाने जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. पन्नास किलोच्या आतल्या शिकाऊ मुलाला मऊ बाइंडिंग हवं, म्हणजे थोडी चूक झाली तर बोर्ड लगेच कड खाऊन आडवा करत नाही. स्वस्त ते चांगलं असा योग क्वचित येतो, तो साधून घ्यावा.

पट्ट्यांशिवाय नुसतं पाऊल ठेवून खट् बसणारी बाइंडिंगही मिळतात. लेकीचा जीव त्यावर होता. पण त्यांना त्याच पद्धतीचे खास बूट लागतात. वाढत्या पायाला बूट बदलले की पुन्हा तसलेच घ्या. मोठ्यांनी जरूर घ्यावीत, विशेषतः वाकायला कुरकुरणाऱ्यांनी. आम्ही साधी दोन पट्ट्यांची घेतली. त्यांचा एक मोठा गुण म्हणजे पट्टा, खटका, स्क्रू सुटे मिळतात. काकांच्या बाइंडिंगची बैठक धड असती तर मी नुसते पट्टे बदलून भागवलं असतं. बैठकीला भेगा, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

सोहारला हे मिळत नाही हे सांगायला नको. दुबईच्या दुकानात मोठ्यांची होती, मुलांच्या मापाची संपली होती. शेवटी टोरोंटोच्या धाकट्या दिरांनी घेऊन दिवाळीला पुण्याला आणली आणि तिथून सासूबाईंच्या बॅगेतून ती इकडे आली. पंचावन्न रियालला पडली. दीड किलो वजन. आता बॅगेतल्या दीड किलोची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. चकलीची भाजणी आणि निम्मा गोडा मसाला पुण्यातच राहिला. आईंनी विमानतळावर बॅग ताब्यात देताना एवढंच म्हटलं, ‘तुझ्या त्या लोखंडी चपला घे बाई. पुढच्या खेपेला मसाला की चपला, ते आधी ठरवून कळव.’

बसवायला अर्धा तास लागला. स्क्रू एम-६ जातीचे, बहुतेक बाइंडिंगना १६ मिलिमीटर लांबीचे. जुने स्क्रू पुन्हा वापरायचा मोह टाळावा. आणि हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीचे पण लांब स्क्रू तर मुळीच आणू नयेत, ते बोर्डाचा तळ खालून फुगवतात. आखूड असले तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो. स्क्रू हातानेच आवळायचे, ड्रिल मशीनने नव्हे. स्क्रू सैल होऊ नये म्हणून काहीजण आट्यांना लावायचा पातळ गोंद वापरतात. मोटारीला तो उत्तम. इथे जपून, कारण तो ओघळून काही प्लास्टिकना लागला तर ताण असलेल्या जागी भेगा पाडतो. नव्या स्क्रूंवर निळा किंवा तसाच रंगीत ठिपका असतो, तो त्याच कामाचा असतो आणि पुरतो. दोन पायांत अंतर खांद्यांइतकं, पुढचा पाय १५ अंश पुढे, मागचा ६ अंश मागे. पहिल्या तासाभरानंतर बाजूला थांबून सगळे स्क्रू पुन्हा तपासायचे. लेक आता ते स्वतः करते, स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून. वाळूत बोर्ड नेऊ का असं तिच्या मैत्रिणी विचारतात. शर्कियाच्या टेकड्यांवर त्यासाठी वेगळी फळी घ्यावी. वाळू तळ खरवडते आणि खटक्याच्या दात्यांत जाऊन बसते.

पहिल्या दिवशी ती अकरा वेळा पडली, मी मोजलं. पट्टे सुटले नाहीत, पायही शाबूत. मी काचेच्या पलीकडे चहा घेत बसले होते. तेवढी थंडी मला पुरते.

आता पुन्हा कपाटाकडे. जुन्या बाइंडिंगचे उरलेले पट्टे कटरने कापून मगच कचऱ्यात टाकले. अखंड टाकली असती तर कुणीतरी ‘चांगली आहेत की’ म्हणून उचलली असती. आपल्यापैकी प्रत्येकजण उचलेल, मीसुद्धा. मग एका रात्री बसून कपाटातल्या इतर वस्तूंवरची घड्याळं पाहिली. दोन सायकल हेल्मेटं, एक लहान मुलाची गाडीतली सीट, पोहायची तीन जाकिटं, आणि कुणीतरी चांगल्या मनाने शेगडीबरोबर दिलेली गॅसची रबरी नळी. सीटवर तर ‘या तारखेनंतर वापरू नये’ असं स्पष्ट छापलेलं होतं, कापडाखाली. गॅसच्या नळीचं आपल्याला भारतात ठाऊक असतं, पाच वर्षांनी बदला म्हणून एजन्सीचा माणूस बजावतो. इथे आलो की विसरतो.

कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, ‘असे नियम केले तर लोक द्यायचंच बंद करतील.’ भीती खोटी नाही. कपाट चालतं ते विश्वासावर, आणि देणाऱ्याला कस्टमसारखं तपासलं तर तो पुढच्या वेळी सरळ कचराकुंडी गाठेल. माझं म्हणणं एवढंच की पाळणा आणि हेल्मेट यांत फरक करू. लाकूड, लोखंड, पुस्तकं, कपडे, भांडी, खेळणी यांना काही विचारायचं नाही. पडल्यावर किंवा बुडताना जीव ज्याच्या भरवशावर राहतो, आणि गॅसची नळी, या वस्तूंना वर्षाची चिठ्ठी लागेल. वर्ष माहीत नसेल किंवा वस्तू गच्चीवरच्या खोलीत उन्हाळे काढून आली असेल, तर ती मी आभार मानून घेईन आणि कपाटात ठेवणार नाही. शेवटी हेच ठरलं, एका मताच्या फरकाने.

चिठ्ठ्या मी छापून ठेवल्या आहेत. तीनच ओळी: कधी घेतली, नवी की जुनी, कुठे ठेवली होती. कपाट गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ उघडं असतं. घड्याळ सापडत नसेल तर वस्तू घेऊन या, बॅटरी माझ्याकडे आहे. बाइंडिंगची चिठ्ठी लेकीने आत्ताच भरून बैठकीखाली चिकटवली आहे. पाय २५ सेंटिमीटरच्या पुढे गेला की बाइंडिंग कपाटात येईल. तोवर ते घरात, पलंगाखाली, एसीच्या हवेत.